दीड एसटीचं अंतर

दिवाळीची सुट्टी संपते, चिंचणीच्या किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील उलटे टांगले जातात, आणि आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीतून फक्कीची गोणी बाहेर निघते. माझा हिवाळा असा सुरू होतो. लोकांना थंडी नाकाला कळते, मला तळहातांना. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी भुकटी बोटांच्या भेगांत शिरून चुरचुरायला लागली की समजायचं, स्पर्धांचा हंगाम आला. मग पहाटे खारा वारा सुटतो. त्यात बोंबलाचा वास असतो, सुरूच्या झाडांचा असतो, आणि वारा फिरलाच तर बोईसरच्या कारखान्यांचाही असतो. अशा मिसळलेल्या वासात ज्याने लहानपणी धावण्याचा सराव केला, त्याची छाती पुढे कशालाच दबत नाही, असं माझं मत आहे. डॉक्टरांचं वेगळं आहे.

मी शाळेत पीटीचा मास्तर. माझ्या शिट्टीबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. ती वाजली की आमची पोरं थांबतात आणि तिकडे डहाणूला एखादा टेम्पोवालाही ब्रेक मारतो. एका वर्षी तर वारा असा भन्नाट होता की शंभर मीटर धावणारी पोरं रेघेवर थांबेचनात. दोघं बोईसरच्या नाक्यावर सापडले, आणि तिथेही म्हणाले, ‘सर, अजून दम हाय.’ आता यावर कुणी हसलं तर हसो. मी खोटं बोलत नाही, खरं आहे तेच जरा ताणून धरतो. सुतळी ताणल्याशिवाय सरळ रेघ पडत नाही, हे मैदान आखणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पण या ताणण्यापायी माझी जी काही अब्रू झाली आहे, तिचा एक तोटा आहे. माझ्याकडे एक गोष्ट अशी आहे की ती तसूभरही ताणलेली नाही. आणि नेमकी तीच कुणाला पटत नाही.

गोष्ट एवढीच. दोघेजण गोल मैदानाला फेरी मारताहेत. एक आतून, दुसरा त्याच्यापासून तीन फूट बाहेरून. फेरी पुरी होईपर्यंत बाहेरचा किती जास्त धावला? एकोणीस फूट, त्याला थोडे कमी. बरं. आता मैदान मोठं करा. आमच्या शाळेच्या मैदानाऐवजी अख्ख्या पालघर शहराभोवती गोल आखा. बाहेरचा किती जास्त धावला? तेवढाच. आता पृथ्वीभोवती धावा. समुद्र, डोंगर, सगळं सपाट करून घ्या हवं तर. बाहेरचा माणूस तीन फूट बाहेरून पृथ्वीला फेरी मारून आला, तरी आतल्यापेक्षा जास्त धावला एकोणीस फूटच. त्याला थोडे कमी.

पाहा, तुम्हीही मान हलवलीत. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा हेडसर म्हणाले होते, ‘तामोरे, बोईसरच्या नाक्यावरच्या पोरांपर्यंत ठीक होतं हो. पृथ्वी कशाला मध्ये आणता?’

*

मला ही गोष्ट ज्या हिवाळ्यात मिळाली, तो हिवाळा दर वर्षी फक्कीच्या गोणीतून माझ्याबरोबर बाहेर येतो. त्या साली थंडी जरा खरीखुरी पडली होती. वाडीवाडीत वालाच्या शेंगा लगडल्या होत्या आणि माझ्या हाताखाली वनिता नावाची नववीतली पोरगी धावत होती. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. शाळेजवळच्या वसतिगृहात राहायची. ती धावायला लागली की पायांचा आवाज व्हायचा नाही, फक्त तिच्या मागच्या गवताला कळायचं की कुणीतरी गेलं. हे ताणलेलं नाही. बरं, थोडं आहे.

पालघरच्या मैदानावर एका मंडळाने जिल्हाभरच्या शाळांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. मुलींची एक फेरीची शर्यत. चार पट्टे, प्रत्येक तीन फुटांचा. जिने ज्या पट्ट्यात सुरुवात केली तिने शेवटपर्यंत त्याच पट्ट्यात धावायचं, असा नियम. पहिली येणारीला पुण्याच्या सराव शिबिरात जागा. वनिताला त्या जागेचं एवढं लागलं होतं की तिने पुणं कुठल्या दिशेला आहे ते मला विचारून ठेवलं होतं, आणि सरावाला उभी राहताना तिकडे तोंड करायची.

आमचा टेम्पो सगळ्यांत शेवटी पोचला म्हणून तिच्या वाट्याला सगळ्यांत बाहेरचा पट्टा आला. मैदान आखायला त्यांनी मलाच आदल्या दिवशी बोलावलं होतं. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं तसं मी बाहेरच्या प्रत्येक पट्ट्याची सुरुवातीची रेघ पुढे पुढे सरकवून मारली होती. बाहेरच्या पट्ट्याचा वळसा मोठा, म्हणून तिथल्या धावणारीला पुढून सोडायचं. सकाळी येऊन बघतो तर काय! माझ्या रेघा गायब आणि त्या जागी आडवी, सरळ, हातभर रुंद रांगोळी. ठिपक्यांची. मधे कमळं, कडेला झेंडूच्या पाकळ्या. पाहुणे नारळ फोडणार होते ना! मंडळाच्या बायकांनी पहाटेपासून खपून सुरुवातीची रेघ लग्नातल्या पंगतीसारखी सजवली होती.

मी पंचांकडे धावलो. म्हटलं, ‘साहेब, चौथ्या पट्ट्यातली पोरगी इथून सुटली तर मेली. तिला पुढे उभी करा.’

‘किती पुढे?’

मी बोट दाखवलं. ‘त्या खांबापाशी.’

पंच हसले. ‘तामोरे, तिला घरीच सोडून ये ना एकदम! एवढी पुढे? बाकीच्या तीन पोरींचे आईबाप मला सोडतील का? आणि ही रांगोळी बघ. मोडायची ही?’

‘पण नियम आहे.’

‘का आहे? समजाव मला.’

पुस्तकात लिहिलंय, एवढंच मला ठाऊक होतं. का, ते पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, ‘साहेब, बाहेरचा पट्टा लांब असतो. लांब म्हणजे केवढा? लय लांब. मैलभर!’

झालं. आजूबाजूचे सगळे हसले. पंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माइकवरून गोड आवाजात सांगितलं, ‘आमच्याकडे सगळ्या लेकी समान. सगळ्या एकाच रेषेतून सुटणार.’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांचा फोटो निघाला. चौघी एका रेषेत, पुढ्यात कमळं.

वनिता हातभराने हरली.

हातभर म्हणजे हातभर. याला मी आजवर वीतभर केलेलं नाही. शेवटच्या वळणावर ती मागे होती, बाहेर सूर धरून कावळे ओरडत होते, आणि मग ती अशी सुटली की तिसऱ्या पट्ट्यातली पोरगी धावता धावता तिच्याकडे बघायला लागली. दोघींना मागे टाकून ती पहिल्या पट्ट्यातलीच्या खांद्यापर्यंत आली आणि रेघ संपली. मी टेम्पोत तिला म्हणालो, ‘पोरी, तू जिंकलीस. तुला लबाडीने हरवलं.’

ती ओढणीने तोंड पुसत म्हणाली, ‘सर, तुमी तर सगळ्यांनाच सांगता, तू जिंकलीस.’

मग म्हणाली, ‘मीच वळणावर ढिली पडले.’

तो टेम्पो, ती हिवाळी दुपार, मागे बसून भेळ खाणारी बाकीची पोरं. माझ्या सगळ्या बढाया मला त्या दिवशी पहिल्यांदा महाग पडल्या. होळीच्या आधी तिचे आईबाप वीटभट्टीवर कामाला निघाले आणि तिला सोबत घेऊन गेले. शिबिरात जागा मिळाली असती तर नेलं नसतं, असं तिची आई मला नंतर म्हणाली. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते माझ्या कानातून जात नाही.

*

त्या शर्यतीनंतरच्या सोमवारी मी शाळेच्या मैदानावर एकटाच सुतळी घेऊन बसलो होतो. सुषमा मॅडम आल्या. त्या गणिताच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, यजमान तारापूरच्या प्रकल्पात नोकरीला. त्यांचं बोलणं असं नीटस की फळ्यावर लिहिल्यासारखं वाटायचं. त्यांनी विचारलं, ‘सर, खरंच केवढा फरक पडतो?’

मी म्हटलं, ‘मैलभर.’

‘असं नको. मोजू या.’

त्यांनी सुरूची काडी घेतली आणि फक्की सांडलेल्या जागेत गोल काढला, त्याच्या बाहेर दुसरा. त्रिज्येला अक्षर दिलं. बाहेरच्या गोलाचा परीघ लिहिला, आतल्याचा लिहिला, एकातून दुसरा वजा केला. लिहिता लिहिता त्यांची काडी थांबली. त्यांनी ते परत केलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या डोळ्यांदेखत नारळाच्या झाडावर उलटा चढलोय.

‘सर, मैदान कटलं.’

‘कुठं कटलं?’

‘हिशोबातून. मैदान केवढं आहे त्याने काही फरकच पडत नाही. राहतो तो फक्त पट्टा. मी पंधरा वर्षं हे शिकवतेय आणि मी कधी असं बघितलंच नव्हतं. पृथ्वी घेतली तरी…’ आणि त्या हसायला लागल्या. साडीचा पदर फक्कीत लोळत होता आणि बाई हसत होत्या. मीही हसलो. गणिताला हसताना मी तोवर पोरांनाही पाहिलं नव्हतं, शिक्षक तर सोडाच.

मग आम्ही चौथ्या पट्ट्याचं काढलं. तीन पट्टे बाहेर, म्हणजे तीनदा एकोणीसला थोडं कमी. सुतळी टाकून मी ते अंतर मैदानावर मांडलं आणि त्याच्या शेवटाला जाऊन उभा राहिलो. तिथून सुषमा मॅडम लहान दिसत होत्या. दीड एसटी! एक अख्खी एसटी उभी करा, तिच्या पुढे अर्धी. वनिता पहिल्या पट्ट्यातलीपेक्षा तेवढं जास्त धावली होती आणि हातभराने हरली होती. मला ‘मैलभर’ म्हणायची काही गरज नव्हती. खरं अंतरच एवढं होतं की त्याला ताणायची सोय नव्हती. वनिताला मात्र मी हे तेव्हा सांगितलं नाही, माझ्या तोंडून तिला ती आणखी एक थापच वाटली असती.

तेव्हापासून मला सरळ रेघेचा संशय येतो. एका रेषेत उभं केलं की न्याय झाला, असं मानणाऱ्यांचा तर जास्तच. आमच्या वर्गात टाऊनशिपच्या क्वार्टरमधून रिक्षाने येणारं पोर असतं आणि अर्धं वर्ष आईबापाबरोबर भट्टीवर काढून परीक्षेला परतलेलंही असतं. दोघांना एकच पेपर, एकच घंटा. वर भाषणात टाळ्या. कुणाचा वळसा केवढा, ते कुणी मोजत नाही. मोजायला गेलं तर म्हणतात, मास्तर, तुमचं नेहमीचंच.

*

यंदा गोणी बाहेर काढली त्याच आठवड्यात सुषमा मॅडमचा फोन आला. त्या निवृत्त होऊन पालघरला राहतात. म्हणाल्या, ‘सर, इथे गणित महोत्सव भरतोय. उघड्या मैदानावर, सगळ्यांसाठी. रविवारी. कोडी, खेळ, कागदाच्या घड्या, खूप काही आहे. मी मदतीला आहे. तुम्हाला एक कोपरा देते. पृथ्वी घेऊन या.’

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं. हेडसरांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘तुम्ही? गणिताला?’

‘का? गणिताला शिट्टी चालत नाही?’

‘तामोरे, लोक म्हणतील, शाळेत गणिताचा माणूस उरला नाही म्हणून कबड्डीचा पाठवला. जायचं तर जा, पण शाळेचं नाव सांगू नका. तुम्ही तिथे काय फेकाल याचा भरवसा नाही.’

‘यावेळी मी फेकणार नाही सर. मोजणार.’

‘तेच तर म्हणतोय. तुम्ही मोजणार!’

सगळे हसले. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मजा आली. लहानपणी चिंचणीची जत्रा जवळ आली की बोटांवर दिवस मोजायचो, तसे रोज मोजायला लागलो. मी, ज्याला नववीच्या गणितात बाईंनी दयेने वर ढकललं असं अख्खं गाव म्हणतं, तो गणिताच्या जत्रेची वाट बघतोय. वय झालं की माणूस देवळात जातो म्हणतात. मी वर्तुळात चाललोय.

सराव घरीच केला. मागच्या अंगणातल्या निळ्या पिंपाला सुतळी गुंडाळली. मग सगळ्या बाजूंनी वीतभर बाहेर ठेवून दुसरी सुतळी फिरवली. दुसरी जेवढी जास्त लागली तेवढा तुकडा कापला. तोच प्रकार विहिरीच्या कठड्याभोवती. माझी बायको कुंदा सूप घेऊन पायरीवर उभी राहून बघत होती.

‘आवो, याला येड लागलं म्हणतात.’

‘याला गणित म्हणतात. सांग, विहिरीचा तुकडा मोठा की पिंपाचा?’

‘विहिरीचा. येवढी मोठी विहीर ती!’

‘धर.’

तिने दोन्ही तुकडे शेजारी धरले. सहा विती आणि वर थोडं. दोन्ही. तिने ते हिसका देऊन ताणले, उलटसुलट केले, माझ्या खिशात तिसरा तुकडा लपवलाय का तेही बघितलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचा तो हक्कच आहे.

‘परत करा,’ ती म्हणाली. ‘आता सुतळी मी फिरवते. तुमी लांब उभे ऱ्हावा.’

मी लांब उभा राहिलो. तिने फिरवली. संध्याकाळी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, ‘आमच्या ह्यांची एक गोष्ट खरी निघाली गं.’

*

पण कोपऱ्यात सुतळी दाखवून लोकांना तोंडात बोटं घालायला लावायला मी जात नव्हतो. मला तिथे एक माणूस हवं होतं. शनिवारी दुपारी मी बोईसरला गेलो. वनिता आता तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पाळी सुटली, बायांचा लोंढा फाटकातून बाहेर आला, हिंदी, मराठी, गुजराती सगळं एकत्र बोलत. त्यात ती होती. चालताना पायांचा आवाज न होणारी एकच.

‘सर! शिट्टी नाय आणली?’

आम्ही टपरीवर चहा घेतला. तिला आता मुलगी आहे, शाळेत जाते, असं कळलं. मी सुतळीचे तुकडे काढले. टपरीच्या पत्र्याच्या डब्याला गुंडाळले, मग टपरीपुढच्या टायरला. चहावाला, दोन रिक्षावाले, सगळे वाकून बघत होते. मग मी तिला रस्त्याच्या कडेला नेलं आणि ते अंतर चालून दाखवलं. उभ्या असलेल्या एका एसटीच्या टोकापासून टोकापर्यंत, आणि वर अर्धं.

‘हे एवढं तू जास्त धावलीस. पहिल्या पट्ट्यातलीपेक्षा.’

ती त्या अंतराकडे बघत राहिली. एसटी निघून गेली तरी बघत राहिली.

‘म्हंजी मी ढिली नव्हती पडले?’

‘नाही.’

‘तुमी आताबी तसंच बोलताव का? सगळ्यांना सांगता तसं?’

‘सुतळी तुझ्या हातात आहे. तू मोज.’

तिने मोजलं. चहावाल्याच्या डब्यावर, टायरवर, आणि मग पाण्याच्या टाकीवर, जी मी सुचवली नव्हती. तुकडे जुळवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी म्हटलं, ‘उद्या पालघरला ये. चारचौघांत हरलीस, चारचौघांत जिंकली पाहिजेस. मी माइकवरून सांगतो. ती शर्यत कुणी जिंकली होती ते गणिताने सिद्ध करतो. कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची!’

मला वाटलं, ती रडेल. मी तशी तयारीही ठेवली होती, खिशात रुमाल होता. तिने सुतळीचा गुंडा करून माझ्या हातात ठेवला.

‘नाय.’

‘का गं?’

‘तुमी बोलणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि मी बाजूला उभी ऱ्हाणार. गणितानं जिंकायचं तं तुमी जिंका, सर. मला धावायचं हाय.’

‘आता? अगं, तू…’

‘तुमच्या शाळेतल्या पोरी आणा तिघी. चांगल्या जलद आणा, माझी दया करू नका. पट्टे मारा. मी बाहेरच्याच पट्ट्यातून धावीन.’

‘वनिता, त्या चौदा वर्षांच्या आहेत. रोज सराव करतात.’

‘मग काय झालं? मीबी रोज बस पकडते.’

रिक्षावाले हसले. ती नाही हसली. मी हेडसरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, पोरींच्या आईबापांना रात्रीत विचारायचं आणलं, सुषमा मॅडमना सांगायचं आणलं की कोपरा पुरणार नाही, मैदानाचा अर्धा भाग लागेल. गणिताच्या जत्रेत धावण्याची शर्यत! तिथल्या चष्मेवाल्यांना घाम फुटणार. आणि कुणीतरी हमखास येऊन म्हणणार, अहो मास्तर, ही बाई एवढी पुढे का, हा अन्याय आहे. येऊ दे. या वेळी माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मी ताणणार नाही.

‘आणि हरलीस तर?’ मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

तिची बस आली होती. तिने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळली.

‘हरले तं मी हरीन, सर. रेघ मला नाय हरवणार.’